तेविसावा प्रश्न

माझ्या थोरल्या बहिणीला सगळे चौकशीबाई म्हणतात. बस स्थानकावरच्या चौकशीच्या खिडकीत तिने एकतीस वर्षं काढली. गाडी कधी येणार, कुठे लागणार, उशीर का झाला, प्यायचं पाणी कुठे मिळेल, दिवसभर लोक विचारणार आणि ही सांगणार. निवृत्तीच्या दिवशी कुणीतरी भाषणात म्हणालं, बाई, आता पुढे काय? ती म्हणाली, "आता मी विचारणार. तुम्ही सांगा." सगळे हसले. ताईला विनोद करता येत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्याच महिन्यात ती प्राण्यांच्या शेल्टरमध्ये जायला लागली. टायरच्या गोदामामागे पत्र्याच्या शेड, समोरासमोर पिंजऱ्यांच्या दोन रांगा, मध्ये सदा ओला असलेला सिमेंटचा रस्ता आणि फिनेलचा वास. दाराशी एक टेबल. त्या टेबलावर ताई बसली ती आजतागायत. कुत्रा किंवा मांजर दत्तक हवं असेल तर आधी तिच्यासमोर बसावं लागतं.

ती गेली तेव्हा दत्तकाचा अर्ज म्हणजे नाव, पत्ता, सही. वाचनालयातून पुस्तक नेतानाही याहून जास्त लिहावं लागतं. पहिल्याच आठवड्यात एक तपकिरी कुत्री कुणी घेऊन गेलं आणि नवव्या दिवशी ती फाटकाला सुतळीने बांधलेली सापडली. घरमालकाला चालत नव्हतं म्हणे. ताईने त्या दिवशी अर्जाच्या कागदावर हाताने एक ओळ लिहिली: घर भाड्याचं आहे का? असल्यास मालकाची लेखी परवानगी आणा. तो पहिला प्रश्न. मग ही तिची पद्धतच झाली. जनावर परत आलं की अर्जात एक प्रश्न वाढायचा. मुलीने हट्ट केला म्हणून नेलेलं पिल्लू तिची शाळा सुरू झाल्यावर परत आलं, तेव्हा प्रश्न आला: सकाळी फिरवायला नेमकं कोण जाणार? त्या माणसाने स्वतः येऊन सही करावी. मी त्या अर्जाला प्रश्नपत्रिका म्हणायचो. ताई म्हणायची, "हसू नकोस. यातला एकेक प्रश्न मला तोंडावरून ओळखतो. शेपटी हलवतो."

पाच वर्षांत बावीस प्रश्न झाले.

आणि नुसत्या कागदावर भागायचं नाही. ताई घर बघायला जायची, तेही न सांगता. लोक तिला खुर्ची द्यायचे, पंखा लावायचे, चहाचं विचारायचे. ती म्हणायची "नको", आणि सरळ जमिनीवर बसायची. साठी ओलांडलेली, भरल्या अंगाची बाई अनोळखी दिवाणखान्यात मांडी घालून बसते, मग हातावर रेलते, मग चक्क आडवी होऊन सोफ्याखाली बघते. घरच्यांना कळेना, हसावं की डॉक्टरला बोलवावं. तिचं म्हणणं एवढंच, की उभं राहून बघितलं की माणसांचं घर दिसतं. कुत्र्याचं बघायचं तर त्याच्या उंचीवर जायला हवं. लोंबणाऱ्या वायरी, गॅलरीच्या गजांमधली फट, उंदराच्या औषधाची वडी, सगळं तिला खालून दिसायचं. प्रत्येक दार लावून, कडी घालून, ती हाताच्या मागच्या बाजूने ढकलून बघायची. कुत्रं नाकाने ढकलतं तसं.

उठताना तिचे गुडघे कटकट वाजायचे. घरातलं कुणीतरी हमखास हात पुढे करायचं. ती तो कधीच घ्यायची नाही. भिंत धरेल, टेबल धरेल, पण हात नाही. मी एकदा कारण विचारलं. "आधार घेतला की नाही म्हणायला जड जातं रे," ती म्हणाली. आणि नाही तर तिला बहुतेकांना म्हणायचंच असायचं. त्याचंही तिचं वाक्य ठरलेलं: "माणसं चांगली आहात हो तुम्ही. पण घर तयार नाही." दहातले सात जण हे ऐकून परत जायचे. काही जण शिव्या घालायचे. एकाने तर सांगितलं, बाई, मुलीचं लग्न ठरवताना एवढं विचारलं नाही. ताई म्हणाली, "विचारायला हवं होतं."

आता माझ्याबद्दल. मी तिचा धाकटा भाऊ. माझं चष्म्याचं दुकान आहे. घरात मला लहानपणापासून उद्याशेठ म्हणतात, कारण कुठल्याही कामाला माझं उत्तर "उद्या करतो". ताई माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. तिने मला बोट धरून शाळेत नेलं, माझ्या हरवलेल्या छत्र्यांबद्दल आईचा मार स्वतः खाल्ला आणि माझ्यावर कधीही कुठलंही काम सोपवलं नाही. चुकूनसुद्धा नाही. लाडका असण्यात केवढा अपमान असतो हे लाडक्यालाच कळतं.

रविवारी मी ताईचा डबा घेऊन शेल्टरवर जायचो. तिथे सतरा नंबरच्या पिंजऱ्यात मास्तर होता. काळा, नऊ वर्षांचा, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळं, बसायचा ताठ. वर्गावर लक्ष ठेवून असल्यासारखा, म्हणून मास्तर. डाव्या कानाने बहिरा. तो दोनदा दत्तक जाऊन दोनदा परत आला होता. पहिल्यांदा घरात बाळ आलं म्हणून, दुसऱ्यांदा भुंकत नाही म्हणून. "राखणीला आणला आणि हा चोराला बसायला चटई टाकेल," असं त्या माणसाने टेबलावर साखळी आपटून सांगितलं. अर्जातला नववा आणि चौदावा प्रश्न मास्तरचा. एका कुत्र्याचे दोन प्रश्न असलेला तो एकटाच.

मी पिंजऱ्याबाहेर बसलो की तो येऊन गजांना पाठ टेकवायचा. बघायचा दुसरीकडेच. पाठ मात्र माझ्याकडे. आमची मुलगी नोकरीसाठी दूर गेली, घर एकदम रिकामं झालं आणि मला वाटायला लागलं की मास्तर आपल्या घरी यावा. हे खरं आहे. पण अर्धंच. त्याहून जास्त मला ताईचा होकार हवा होता. परक्या लोकांना, ज्यांना ती दोन दिवस ओळखते त्यांना, ती विश्वासाने एक जीव हातात देते. मला पन्नाशी उलटली तरी साधी चावी ठेवायला देत नाही. मला तो होकार कागदावर, तिच्या सहीने हवा होता. एका रविवारी मी तिच्याकडे मास्तरला मागितलं.

"तू?" ताई म्हणाली. मग म्हणाली, "येते रविवारी अर्ज घेऊन."

ती आली. येऊन तिच्या नेहमीच्या खुर्चीत बसली. तिचे गुडघे त्या आठवड्यात दुखत होते आणि घर तिचं शंभरदा बघितलेलं होतं. बायकोने चहा ठेवला. ताई एकेक प्रश्न वाचायची, मी उत्तर द्यायचो, ती बरोबरची खूण करायची. सकाळी फिरवणार मी. बायकोची नर्सची ड्युटी असली की दुपारी तो माझ्याबरोबर दुकानात. म्हातारा झाला, अंथरुणाला खिळला तर? सांभाळणार. मी अगदी मनापासून उत्तरं देत होतो. परीक्षेत पहिल्यांदाच सगळं येत होतं.

"अकरावा," ताई म्हणाली. "बाहेर उघडणारी सगळी दारं नीट लागतात का? मागच्या दाराची कडी बसत नव्हती ना तुमची?"

नव्हतीच बसत. दोन वर्षं बसत नव्हती. दार ओढलं की लागल्यासारखं वाटायचं, कडी सरकायची, पण चौकट सुजली होती आणि जरा धक्का दिला की दार उघडायचं. म्हणून मी बाहेरून एक वीट लावून ठेवली होती. बायको दोन वर्षं सांगत होती, सुताराला बोलवा. मी दोन वर्षं म्हणत होतो, उद्या.

"ती केली दुरुस्त," मी म्हणालो.

कसे आले ते तीन शब्द तोंडात, मला आजही सांगता येत नाही. थोरल्या बहिणीला असं आपण हजार वेळा सांगतो. जेवलास का? जेवलो. औषध घेतलंस का? घेतलं. बायकोने बशीत कप ठेवला, त्याचा आवाज झाला. ती माझ्याकडे बघत होती. बोलली मात्र नाही. नवऱ्याला नणंदेसमोर खोटं पाडायचं म्हणजे काय होतं, हे तिला चांगलं माहीत होतं. ताईने स्वयंपाकघराच्या दिशेने मान वळवली. परका असता तर ती उठली असती, खाली बसली असती, हाताच्या मागच्या बाजूने दार ढकललं असतं. तिने बसल्या जागी अकराव्यापुढे खूण केली. शेवटी सही केली आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पन्नाशीच्या माणसाच्या डोक्यावरून. मला केवढा आनंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी सुताराला बोलवायचं मी नक्की ठरवलं होतं. सुतार म्हणाला, या आठवड्यात जमत नाही. मग मी पुन्हा विचारलं नाही. वीट होती ना.

मास्तर आठ महिने आमच्याकडे होता. ते महिने चांगले गेले हे सांगायला मला लाज वाटते, पण गेले. सकाळी फिरून आलो की तो माझ्याबरोबर दुकानात यायचा आणि काउंटरखाली झोपायचा. डोळे तपासायला आलेली मुलं तक्त्यावरची अक्षरं वाचायची सोडून त्याच्याकडे बघायची. बायको आधी म्हणाली होती, "मला नाही बाई लळा लावून घ्यायचा." महिन्याभरात तिने स्वतःची लोकरीची शाल कापून त्याला अंथरूण केलं. ताई ठरल्याप्रमाणे पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या महिन्यात पाहणीला आली. तिन्ही वेळा खुर्चीत बसली. मास्तर तिच्या पावलावर हनुवटी ठेवून पडायचा आणि ती पाय हलवायची नाही, मुंग्या आल्या तरी. सतरा नंबरची पत्र्याची पाटी तिने पिंजऱ्यावरून काढून घरी नेऊन ठेवली होती. असं तिने दुसऱ्या कुणाच्याच बाबतीत केलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी मी आणि मास्तर जेवायला घरी आलो असताना दुकानासाठी केलेलं काचेचं कपाट चुकून घरी पोचवलं गेलं. दोन हमाल, अवजड कपाट, आणि आमचं पुढचं दार आपोआप मिटणारं. एक हमाल ओरडला, "साहेब, दाराला काहीतरी लावा!" मी धावत मागे गेलो, वीट उचलली, आणून पुढच्या दाराला लावली. विचार केलाच नाही. कपाट आत आलं, त्याचा कोपरा भिंतीला घासला, मी हमालांशी भांडत बसलो. मास्तरला गोंगाट सोसायचा नाही. तो मागे गेला असणार. नाकाने दार ढकललं असणार.

मागच्या गल्लीत पाण्याचे जार पोचवणारी गाडी मागे घेत होते. गाडी डावीकडून आली. भुंकणारा कुत्रा असता तर निदान कुणाला ऐकू तरी आलं असतं. ड्रायव्हर खाली उतरून रडत होता. त्याची काहीच चूक नव्हती, आणि ते मी त्याला सांगितलं नाही.

ताईला मी फोन केला. "मास्तर गाडीखाली आला," म्हणालो. पलीकडून खिडकीतला तिचा जुना आवाज आला, एकसारखा, कोरडा.

"कुठल्या दाराने बाहेर पडला?"

मी सांगितलं.

ती अर्ध्या तासात आली. बायकोने त्याला त्याच्याच शालीवर ठेवलं होतं. ताईने वाकून त्याच्या दोन कानांच्या मध्ये हात ठेवला, जरा वेळ तसाच ठेवला, मग आत गेली. मागच्या दारापाशी जमिनीवर बसली. दार ओढलं, कडी सरकवली, हाताच्या मागच्या बाजूने ढकललं. उघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा ढकललं. पुन्हा उघडलं. मग तिची नजर पुढच्या दाराशी पडलेल्या विटेवर गेली. मला वाटत होतं, आता ओरडेल, आता एक थोबाडीत देईल. देवाशपथ, द्यायला हवी होती.

तिने पिशवीतून एक कागद काढला. जनावर परत आलं किंवा गेलं की भरायचा शेल्टरचा कागद. "भर," म्हणाली.

‘कारण’ या रकान्यात मी लिहिलं: कडी नादुरुस्त.

ताईने वाचलं. "कड्या सगळ्यांच्याच बिघडतात," ती म्हणाली. "खरं कारण लिही."

मी पेन धरून बसलो. शेवटी लिहिलं: तपासणीच्या वेळी खोटं सांगितलं. त्याखाली ताईने स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली: तपासणी केली नाही. आणि सही केली. माझ्या बायकोला रडू आवरेना. "वन्सं, मला माहीत होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं," ती म्हणाली. ताई म्हणाली, "तुझी नाही चूक. माझी आहे. मी त्याला ओळखत होते."

तो कागद तिने स्वतः शेल्टरच्या समितीपुढे ठेवला आणि टेबल सोडते म्हणाली. समितीने ऐकलं नाही. तिच्याइतकं चिवट माणूस त्यांना कुठून मिळणार? मग दोन महिने ती रोज टेबलाचं काम संपल्यावर पिंजरे धूत होती, कुणी सांगितलेलं नसताना. मी रविवारी डबा नेला की तो ठेवून घ्यायची आणि म्हणायची, "बरं, ये आता."

पुढच्या छपाईत अर्जात तेविसावा प्रश्न आला: अर्जदार आमच्यापैकी कुणाच्या नात्यातला आहे का? असल्यास घर दोनदा तपासावं. एका कुत्र्याचे तीन प्रश्न झाले. पण नववा आणि चौदावा ज्यांच्यामुळे आले ती माणसं परकी होती.

ताईने माझ्याशी बोलणं टाकलं नाही. टाकलं असतं तर बरं झालं असतं. ती यायची, बसायची, मुलीची खुशाली विचारायची. फक्त त्या दिवसापासून तिने माझं एकही वाक्य तपासल्याशिवाय घेतलेलं नाही. मी म्हणालो, गॅस बंद केला, तर ती उठून बघून यायची. दुकानाला कुलूप लावलं म्हणालो, तर चालता चालता मागे फिरून ओढून बघायची. तोंडाने काही नाही. लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून काचा घासणारा मी, मला हे दिसत होतं, आणि सांगायला तोंड नव्हतं.

सुतार मी मास्तर गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी आणला होता. आता सवड होती त्याला. चौकट नवी केली, वर-खाली दोन कड्या बसवल्या, मागच्या गल्लीकडे कमरेएवढं लोखंडी फाटक केलं. वीट नेऊन टाकली. वर्षभर एकही काम उद्यावर ढकललं नाही. बायको म्हणायला लागली, आता जरा दम खा.

वर्षाने मी शेल्टरवर गेलो, रांगेत बसलो आणि अर्ज मागितला. तीन पायांची एक म्हातारी कुत्री होती, तिला कुणीही विचारत नव्हतं. मी सगळी उत्तरं खरी लिहिली. नवव्यापाशी आणि चौदाव्यापाशी जरा थांबलो. तेविसाव्याला लिहिलं, होय, धाकटा भाऊ. ताईने अर्ज वाचला, इतरांना सांगते तसंच सांगितलं, "येऊ तपासायला. कधी ते सांगत नाही."

पहिल्यांदा ती शेल्टरच्या कंपाउंडरला घेऊन आली. त्याने सगळं बघून मान डोलावली. दुसऱ्यांदा एकटी आली, दुपारची. मी खुर्ची पुढे केली नाही. ती जमिनीवर बसली, आडवी झाली, सोफ्याखाली, कपाटाखाली बघितलं. मग मागच्या दाराशी गेली. वरची कडी, खालची कडी. हाताच्या मागच्या बाजूने ढकललं. दार हललंसुद्धा नाही. तिने खांदा लावून ढकललं. नाहीच.

तिला उठायचं होतं. गुडघे वाजले. मी हात पुढे केला.

तिने माझ्या हाताकडे बघितलं. ज्या हाताला धरून तिने मला शाळेत नेलं होतं तोच हात. मग तिने चौकट धरली, ती नवी, भक्कम चौकट, आणि एकटी उठली.

अर्ज घडी करून पिशवीत टाकता टाकता ती म्हणाली, "घर तयार आहे."

मी तिच्या ठरलेल्या वाक्यातल्या माणसांबद्दलच्या अर्ध्या भागाची वाट बघत राहिलो. तिने चपला घातल्या आणि जाताना आमचं पुढचं दार बाहेरून ओढून, नीट लागलं का ते बघितलं.